हलक्या विटेची भिंत

१ जानेवारी १९६६, शनिवार. बोईसर.
नव्या वर्षाचे संकल्प. एक, पहाटे उठणे. दोन, स्टोअरकीपरची नोकरी सोडणे. तीन, हलक्या विटांचा कारखाना काढणे. पहिला उद्यापासून. दुसरा साहेबांनी कालच माझ्या वतीनं पार पाडला. राहता राहिला तिसरा.

शास्त्र सोपं आहे. मातीत भाताचं तूस कालवायचं. भट्टीत तूस जळून जातं, वीट आतून सच्छिद्र होते आणि वजन निम्मं. एका इंग्रजी मासिकात वाचलं. पानाचा खालचा भाग फाटलेला होता, पण मुद्दा कळला. तिकडे तारापूरला अणूची वीज येणार, कॉलन्या उठणार. जड विटा वाहून लोकांच्या माना मोडतायत आणि कुणाला काही सुचत नाही.

९ जानेवारी.
कऱ्हाडहून नर्मदेचं पत्र. मुलगी महिन्याची झाली. बारशाला मी नव्हतो याबद्दल दोन ओळी. कारखानदाराला रजा नसते, हे बायकांना कसं कळणार? नाव गोदावरी ठेवलंय म्हणे.

पुढे अट. गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या कारवीच्या कुडातून साप आत आला होता, तो ती अजून विसरलेली नाही. पक्की भिंत झाली तर पाडव्याला भाऊ आणून सोडेल. नाही तर पोरीला घेऊन माहेरीच. उलट टपाली कळवलं: भिंत होणार, तीही माझ्या स्वतःच्या विटांची.

२३ जानेवारी.
मासवणकडचे भिका आणि भागी, नवराबायको, विटा पाडायला ठेवले. सफाळ्याच्या भातगिरणीतून तूस आणलं. भिकानं विचारलं, शेट, किती घालू? म्हटलं, सढळ हातानं. तो खूश. म्हणाला, लय बेस, तेवढी माती कमी खणायची. माणूस प्रगतिशील वाटला.

६ फेब्रुवारी.
विटा उन्हात वाळत टाकल्यात. तुसात कण्या राहिलेल्या दिसतात. शेजारच्या रत्नाबाईंच्या कोंबड्या दिवसभर विटा टोचतात. तक्रार केली. रत्नाबाई म्हणाल्या, भावजी, तुमच्या विटांनी अंडी बरी देतात हो. कोंबड्यांना दर्जा कळतो, ठेकेदारांना कळत नाही.

१३ फेब्रुवारी.
ऐतिहासिक दिवस. नमुन्याची वीट चुलीत भाजून पाण्याच्या बादलीत टाकली. तरंगली! भिका म्हणाला, शेट, ही वीट हाय का बिस्कुट? हशा चांगला झाला, पण त्याच्या मनात आदर होता.

वीट घेऊन कॉलनीच्या ठेकेदाराकडे गेलो. म्हणाला, मला घरं बांधायचीत, होड्या नाही. मोठ्या कामांवर अशी छोटी माणसं बसलेली असतात.

घरी येऊन त्याच रागात स्वयंपाकघराचा कुड पाडून टाकला. जुनं गेल्याशिवाय नव्याला जागा होत नाही. सध्या गोणपाट लावलंय. वारा छान येतो.

२ मार्च.
भट्टी रचून तयार. आणि ऐन वेळी भिका-भागी निघाले गावाला. म्हणे शिमगा हाय. म्हटलं, भट्टी पेटवून जा. भिका म्हणाला, शिमग्याला आमचा कोन पन भायेर रात नाय, शेट. मग येतो, मग पेटवू. मग म्हणजे केव्हा? पाडवा तोंडावर आलाय. भट्टी पेटवायला काय लागतं? एक काडी.

६ मार्च, रविवार. सायंकाळ.
पेटवली! एकट्यानं!
ज्वाळा उठल्या तशी आजूबाजूची मंडळी आपण होऊन जमली. कुणालाही आमंत्रण नव्हतं. बायका ताटं घेऊन आल्या, ताटांत पुरणपोळ्या. रत्नाबाईंनी भट्टीला ओवाळलं, नारळ वाहिला. भट्टीभोवती फेऱ्या झाल्या. मी चार शब्द बोललो. हलकी वीट हे उद्याचं भविष्य आहे, असं म्हणताच सगळ्यांनी तोंडावर हात मारून जोरात बोंब ठोकली. एवढा उत्साह मी कधी पाहिला नव्हता. भरून आलं.

७ मार्च. दुपारी.
उशिरा जाग आली. भट्टीकडे गेलो तर वाफ. वरच्या थराच्या विटा तडकलेल्या, भोवती चिखल.

रत्नाबाई आनंदात होत्या. म्हणाल्या, यंदा आपल्या आळीत लाकडं गोळा करायला कुणी नव्हतं, तुम्ही केवढी मोठी होळी केलीत भावजी! सकाळी आम्ही दूध-पाणी घालून शांत केली. पोरांच्या आंघोळीचं पाणीही तिच्यावरच तापलं.

बोंब कसली होती ते आत्ता ध्यानात आलं. भाषण कुणी ऐकलंच नव्हतं.

१२ मार्च.
भट्टी उघडली. वीट हलकी आहे, याबद्दल आता वाद उरलेला नाही. उचलली की निम्मी हातात येते, निम्मी खाली राहते. खालच्या थराच्या बऱ्या आहेत, फक्त बोट दाबू नये. भिंतीला कोण बोट दाबतं?

१९ मार्च.
भिका परतला. भिंत गुडघ्यापर्यंत आली. रत्नाबाईंची शेळी अंग घासून गेली. भिंत पुन्हा जमिनीपर्यंत. शेळी प्रमाणाबाहेर पोसलेली आहे. भिका म्हणाला, शेट, कारवी आनू का? त्याच्याशी दिवसभर बोललो नाही.

२३ मार्च, पाडवा.
नर्मदा आली. भिंत झाली नसल्याचं मी कळवलं नव्हतं. वाटलं होतं, होईल.

तिनं गोणपाटाकडे बघितलं. विटेचा एक तुकडा उचलला, धुण्याच्या दगडावर बसली आणि प्रवासात मळलेल्या टाचा घासल्या. म्हणाली, वज्री मात्र झकास झालीय.

तिचा भाऊ मारुती पोरीला घेऊन उभा होता. विचारलं, घेता का दाजी? हात मातीनं लाल झालेले. हात धुऊन येईपर्यंत नर्मदा पोरीला घेऊन रत्नाबाईंकडे गेली होती. कुड घातलात की येते, एवढा निरोप. भिकाला कारवी आणायला पाठवलंय. वज्र्यांचा कारखाना काढायचा विचार सुचला होता. सोडून दिला.

रत्नाबाईंचं घर साध्या, जड विटांचं. मघापासून भिंतीला कान लावून बसलोय. गोदू रडतेय की हसतेय, काही कळत नाही. माझ्या विटांची भिंत असती, तर सगळं ऐकू आलं असतं.