एका ओळीचं काम

हेब्बाळ, बेंगळुरू
शनिवार, १४ जून २०२५

प्रिय अक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार. आमच्या शेजारचा गुंडू आज रात्रीच्या गाडीने यशवंतपूरहून बेळगावला निघतोय, त्याच्याच हाती हे पत्र देतो आहे. फोन का नाही केलास म्हणशील. गुरुवारी दोनदा केला होता की! दोन्ही वेळा तुझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि ठेवला.

तू पाठवलेला कुंदा संपला. गौरी म्हणते, पुढच्या खेपेला स्वल्प जास्त पाठवा. ती बरी आहे, शाळा सुरू झाल्यापासून शिकवण्यातून तिला उसंत नाही. ईशानला हुबळीच्या कंपनीला सोमवारी उत्तर द्यायचंय ना? त्याबद्दलच लिहायला बसलो आणि कुंद्यावर घसरलो बघ.

मंगळवारी ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. माझा. अक्का, माझी नोकरी फेब्रुवारीतच गेली. गौरीला ठाऊक आहे. तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी तिला मीच शपथ घातली.

इंटरव्ह्यू घ्यायला नेमकी शमिका. पुण्याची पोरगी, एके काळी माझ्याच हाताखाली होती. तिला मी सगळ्यांसमोर झापायचो, एका ओळीचं काम, त्याला दोन दिवस कसले लागतात? आता तेच काम तिने मला दिलं. सूड म्हणून नव्हे गं, सगळ्यांनाच देतात. क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जुंपलेल्या संगणकांवर, एक आख्खी प्रणाली हेल्म वापरून बसवून दाखवायची. हेल्म म्हणजे पॅकेज मॅनेजर. त्याला एक ओळ दिली की तो सगळे भाग आणून जागच्या जागी लावतो. ती ओळ मी पाठ करून बसलो होतो. टाकली. स्क्रीनवर आलं, 'डिप्लॉइड'. मी ऐटीत म्हणालो, झालं.

ती म्हणाली, सुरू करून दाखवा. काही सुरूच होईना, सगळे भाग 'पेंडिंग'. शेगडी आणून ठेवली पण सिलिंडर जोडलाच नाही, तसं काहीतरी राहिलं होतं, आणि बघायचं कुठे हेच मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांना नुसतं 'झालं का?' विचारत आलोय. तोवर इंग्रजीत बोलणारी ती हळूच मराठीत म्हणाली, "सर, सावकाश बघा. मलाही पहिल्यांदा जमलं नव्हतं."

ती चिडली असती तर परवडलं असतं. मी कॉलच तोडला आणि नेट गेलं म्हणून कळवलं. एवढा घोडा झालो तरी! तिने लिहिलं, नेट आलं की सांगा, पुन्हा बसू. तिला काय कळलं नसेल?

इथवर लिहिलं ते त्यातल्या त्यात सोपं होतं.

त्याच संध्याकाळी ईशानचा फोन आला. मामा, हुबळीचं घेऊ की तुमच्या टीममध्ये जागा होईल? त्याच्या बोलण्यात एवढा भरवसा होता, की तो मला सोडवेना. त्या दिवशी कुणीतरी मला अजून मोठं समजत होतं. मी म्हणालो, "हुबळीला नाही म्हण. मी बसलोय ना इथे." बरं मामा, मुदत सोमवारपर्यंत आहे, सोमवारी कळवतो, म्हणाला.

कुठली टीम आणि कुठली जागा! माझी अब्रू झाकायला मी पोराच्या तोंडचा घास काढायला निघालो होतो. तेव्हापासून आरशासमोर दाढी करायचीही लाज वाटते.

गुंडू सकाळी पोचेल. वाचलंस की हे पत्र तसंच ईशानच्या हातात दे, काही गाळू नकोस. त्याने हुबळीला हो कळवायलाच हवं. त्याने मला शिव्या घातल्या तर त्याला अडवू नकोस. दाजींशी मी स्वतः बोलेन. शमिकाला आज खरं ते लिहिलं आहे, तिचं उत्तर अजून आलेलं नाही.

दर पत्राखाली 'चि. ईशानला मामाचे आशीर्वाद' असं लिहितो. आज हात धजत नाही. लिहिलेलं चालेल का, एवढं त्याला विचार.

तुझा,
विदू