धुतलेलं लुगडं

३ मार्च १९८६, पालघर
ताईची नात शेवंती येऊन गेली. बोईसरला एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला आहे. पुढच्या आठवड्यात लग्न. मान खाली घालून सांगितलं, मॅडमना लुगडं दिलं. कुठलं? "हळदीचं." म्हणजे तेच.
आई आपल्या हळदीला नेसली होती ते. मग ताई, मग ताईची लेक. आमच्या घरात ते धूत नाहीत. आधीच्या सगळ्यांच्या हळदीसकट पुढच्या नवरीला नेसवायचं. त्यात माझी हळद नाही. मी लग्न केलं नाही.
मॅडमच्या महिला मंडळात 'आदिवासी वेशभूषा' स्पर्धा आहे. "नाय कशी म्हनू आजी? एका दिवसाचं तर बोलल्या."
शाळेत नाही म्हणायला तेवढं शिकवत नाहीत.

६ मार्च
मॅडमचा पहिला नंबर. शेवंती तिथे चहा देत होती. मॅडमनी गालांवर पांढरे ठिपके काढले होते, डोक्यावर टोपली. टोपलीत काय होतं?
"काय नाय. रिकामीच."
बक्षीस देणाऱ्या बाईंनी शे.ला विचारलं, तू का नाही गं तुमचा ड्रेस घातलास? ती नायलॉनच्या पाचवारीत.

८ मार्च
लुगडं परत आलं. लाँड्रीतून. खळ, इस्त्री, प्लास्टिकची पिशवी. पांढरंशुभ्र. हळदीचा एक डाग नाही.
दुपारी बोईसर गाठलं. मॅडमनी खुर्ची दिली, सरबत दिलं. मी इंग्रजीत बोलले, त्यांच्याहून बरं. त्या म्हणाल्या, किती मळलं होतं हो, त्या पोरीची दया आली, लग्नात तसं नेसणार? भांडायला समोरचा माणूस वाईट तरी असावा. वर कौतुकाने, "तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही."
सरबत तसंच ठेवून उठले.

९ मार्च
झोप नाही. सात वर्षांची होते. मिशनच्या शाळेत सिस्टरनी माझं लुगडं सोडून घेतलं, घासून आंघोळ घातली, फ्रॉक चढवला. आता कशी छान दिसतेस. त्याही दुष्ट नव्हत्या. त्या लुगड्याचं पुढे काय केलं, विचारायचं राहिलं.

११ मार्च
सफाळ्याला उतरून आत पाड्यावर, ताईकडे. ताई धवलेरी. गावातली लग्नं तिच्या गाण्यानेच लागतात. पिशवी पुढे ठेवली. तिने काठ चाचपला, नाकाला लावला.
"साबनाचा वास येतं."
म्हटलं, नवं आणते.
"नव्यात कोन हाय?"
यात तरी आता कोण आहे, म्हणून गेले. म्हणायला नको होतं. ताई उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

१३ मार्च, पाड्यावर
उद्या सकाळी हळद. लुगडं वळणीवर, कोणी हात लावत नाही. शे.ची आई म्हणते दुकानातली लाल साडी नेसवू. शे.चं रडून झालं. सगळे ताईच्या तोंडाकडे बघतात.
संध्याकाळी ताईने मला हाक मारली. "बाय, तू नेसव तिला."
"मी? बिनलग्नाची? चालतं?"
"देवाला मी सांगन. ते पन आता तुज्यासारकंच झालं. धुतलेलं."
टोमणा की माया, तिच्या तोंडावरून कळेना. "आनि मंग तू गानार?" विचारलं. इथे आलं की बोली आपोआप येते, तेवढीच उरली आहे.
"नेसव तर खरी."

नंतर
मला कासोटा घालता येत नाही. सिस्टरनी सोडलं ते सोडलं, पुन्हा नेसलेच नाही. जगाला फाडून खाणारी माझी जीभ, ताईला एवढं सांगायला वळत नाही. शे.ला बाजूला घेऊन विचारलं, तुला येतं?
"नाय."
"मग मॅडमना कोणी नेसवलं?"
"त्यांनीच. पिना लावून." मग हळूच, "आजी, पिना आनू का?"
ताई पलीकडे हळद निवडत बसली आहे. ऐकलं असेल.