भावोजींचे डोळे व इतर मिळकत

मी, जिला या इमारतीत लहानथोर सगळे ‘दिवाबंद आत्या’ म्हणतात, वय वर्षे चौऱ्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर सगळ्यांनी नको नको म्हटल्यावरून. लिहिताना माझ्या पाठीमागे कोणी उभे नाही. मघाशी धाकटा भाऊ उभा होता, त्याला भाजी आणायला पाठवले आहे. याआधी रागाच्या भरात केलेली दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. तिसरे गाऊनच्या खिशात राहून धुतले गेले, ते आपोआप रद्द झालेले आहे.

कलम १. बाथरूम

माझ्या मालकीच्या या घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एकच बाथरूम आहे. नोकरीला लागल्यापासून दर रविवारी फोटो धुण्यासाठी हे बाथरूम माझ्या ताब्यात असे. दाराच्या फटीला सतरंजी, आत लाल बल्ब, फळीवर ओळीने तीन ट्रे आणि मी. रविवारी दुपारपर्यंत घरात कोणी अंघोळ करत नसे आणि पाहुणे तर शनिवारीच निघून जात. भावाचे लग्न झाले त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी नव्या नवरीने दार वाजवले. मी आतून ओरडले, “दिवा बंद! अजून फिक्सरमध्ये आहे!” फिक्सर म्हणजे फोटो पक्का करणारे औषध. तिला वाटले, मी कशात तरी अडकले आहे. ती धावत जाऊन खालच्या सुताराला घेऊन आली आणि त्याने बिजागऱ्यांसकट दार काढले. ट्रेमधले सगळे फोटो काळे पडले आणि आमचे नणंद-भावजयीचे नाते सुरू झाले.

सदर बाथरूम मी आठवड्याच्या सातही दिवसांकरिता कुटुंबाला परत करीत आहे. नळाखालचे तपकिरी डाग औषधांचे आहेत, ते निघणार नाहीत. ते घासण्यात कोणी आयुष्य घालवू नये.

कलम २. एन्लार्जर, ट्रे, चिमटे, लाल बल्ब

हे सर्व कोपऱ्यावरच्या फोटोसामानाच्या दुकानदाराला द्यावे. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो करण्याचे यंत्र, वजनदार आहे, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. त्याने तो स्वतः उतरवावा, हमाल लावू नये. कारण पुढीलप्रमाणे.

एके दिवशी मी फोटोचा कागद मागितला, तर त्याने माझ्यापुढे मोबाइलची कव्हरे ठेवली.

“आत्या, कागद येणं बंद झालंय.”

“का?”

“तुम्ही एकट्याच घेत होता. तुमच्यासाठी ते कारखाना किती दिवस चालवणार? कॉम्प्युटर घ्या आता. सगळं आतच असतं त्याच्या. एन्लार्जर आत, औषधं आत, बाथरूमसुद्धा आत.”

या शेवटच्या शब्दावर मी भुलले आणि कॉम्प्युटर घेतला.

पहिल्या दिवशी खोलीचे दार लावून, अॅप्रन घालून, लाल बल्ब पेटवून मी बसले. फोटो उघडला तर तो आधीच आलेला! ट्रेमध्ये माणूस कसा सावकाश येतो. आधी केस, मग भुवया, मग नाक, आणि ओळख पटेपर्यंत आपण श्वास धरून उभे. इथे माणूस फटकन समोर, भांडायला आल्यासारखा. सवयीने मी कीबोर्ड दोन्ही हातांनी धरून ट्रेसारखा हलवत बसले. भावाने बाहेरून विचारले, “अक्का, बाहेरचा दिवा लावू का? जेवायचंय.”

“नको! फोटो खराब होईल.”

“कॉम्प्युटरातला?”

मी ठासून “हो” म्हटले. माझा भाऊ असा आहे की त्यानंतर महिनाभर तो अंधारात जेवला. एकदा त्याने चटणी समजून काय खाल्ले ते आम्हाला अजून कळलेले नाही. याबद्दल त्याला माझ्या बँकेतली सर्व शिल्लक द्यावी, तसेच सर्व निगेटिव्ह त्याच्याच स्वाधीन करावेत. तो त्यांचे काहीही करणार नाही, पण फेकणारही नाही. एवढा विश्वास मला दुसऱ्या कोणाचा वाटत नाही.

एक मात्र कबूल केले पाहिजे. केलेली चूक मागे घेण्याची जी कळ कॉम्प्युटरला असते, तिच्यावर माझा जीव जडला. बाथरूममध्ये एकदा बिघडले की बिघडले. इथे कळ दाबली की झाल्याचे न झाले. मला तिची इतकी सवय लागली की भावजयीला काही टोचून बोलले, की माझी डावी करंगळी हवेत आपोआप हलायची. उपयोग झाला नाही, पण नोंद असावी.

कलम ३. हौशी छायाचित्रकार मंडळाचे अध्यक्ष

यांनी मंडळाच्या स्पर्धेत स्वतःच्या ज्या सूर्यास्ताला पहिले बक्षीस दिले, त्यात झाडांच्या सावल्या सूर्याकडे पडल्या आहेत. मी भर सभेत विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आत्या, ही कला आहे.” त्यांना माझा टेबलावरचा दिवा द्यावा. तो रोज संध्याकाळी लावून सावली कोणत्या बाजूला पडते ते त्यांनी पाहावे.

कलम ४. समोरच्या खोलीतला मोठा फोटो

या मिळकतीवरून घरात तंटा झाला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

भाऊ-भावजयीच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा मी सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. त्यात माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी हेही होते. भावोजी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करीत असत. जळलेली गोदामे आणि चेपलेल्या मोटारी पाहून पाहून त्यांच्या भुवया कायमच्या आक्रसल्या होत्या. ताईने केलेला चहासुद्धा ते आधी नुकसान पाहिल्यासारखे पाहत.

फोटो उत्तम आला. फक्त भावजयीचे डोळे मिटलेले. “वन्सं, काहीही करा, पण माझे डोळे उघडा,” असे ती म्हणाली. हे तिचे शब्द आहेत. मी तिचे उघडे डोळे मिळवण्यासाठी पंचवीस वर्षांचे सगळे निगेटिव्ह दिव्यासमोर धरून पाहिले. एकातही तिचे डोळे उघडे नाहीत. लग्नात नाहीत, सहलीत नाहीत, शेजारणीच्या बाळाला मांडीवर घेऊन बसली आहे त्यातही नाहीत. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या भावोजींचे डोळे मी कॉम्प्युटरवर उचलले आणि तिला बसवले. आकार जुळला, उजेडही एकाच बाजूचा होता. हात लावल्याचे कोणाला कळले नाही, इतके काम सुबक झाले.

भावजय तर हरखून गेली. “अगं बाई, मी अशी दिसते?” असे म्हणून तिने तो फोटो नात्यागोत्यात सगळ्यांना पाठवला. ती ज्या पतपेढीत कॅशियर आहे तिथे त्याच सुमारास दारावर एक यंत्र बसले. चेहरा दाखवला की दार उघडते आणि हजेरी लागते. त्यासाठी प्रत्येकाचा फोटो मागवला होता. हिने हाच दिला.

यंत्र तिला ओळखेना. “चेहरा जुळत नाही,” एवढेच म्हणे. ती कोणाच्या तरी मागोमाग आत शिरू लागली. मग एके सकाळी भावोजी पतपेढीत काही कामासाठी गेले आणि दारासमोर उभे राहिले. यंत्र गोड आवाजात म्हणाले, “सुप्रभात, कॅशियर मॅडम,” आणि दार उघडले.

भावोजींनी आयुष्यभर नुकसानीची पाहणी केलेली. आमच्याकडे येऊन त्यांनी भिंग काढले, फोटोची पाहणी केली आणि निकाल दिला, “मेहुणीबाई, हे माझे डोळे आहेत. विनापरवानगी वापरलेले. मला परत हवेत.”

भावजय संध्याकाळी आली ती पर्स न ठेवताच बोलली.

“वन्सं, दुसऱ्या माणसाचे डोळे?”

“तू म्हणालीस काहीही करा.”

“पंचवीस वर्षं या घरात राहिले, आणि माझे स्वतःचे डोळे सापडले नाहीत तुम्हाला?”

“नाही सापडले. शोधले मी.”

हे खरे होते, म्हणूनच बोलायला नको होते. करंगळी हलली. त्याच आठवड्यात भाऊ-भावजय समोरच्या इमारतीत भाड्याच्या खोलीत राहायला गेले. तिथे गरम पाणी नव्हते म्हणून भाऊ रोज इथे अंघोळीला येई. टॉवेल खांद्यावर टाकून तो दोन मिनिटे टेके.

“ती कशी आहे?”

“बरी आहे. तुझ्याबद्दल काही बोलत नाही.”

“काहीच नाही?”

“शिव्यासुद्धा नाही, अक्का.”



इकडे पतपेढीत वेगळाच पेच. यंत्र बसवणारा माणूस दुसऱ्या गावी गेलेला, आणि व्यवस्थापक नियमाचे पक्के. कॅशियरची हजेरी यंत्रानेच लागली पाहिजे. मग काय, भावोजी रोज सकाळी पतपेढीच्या दाराशी जात, यंत्राला तोंड दाखवत, आणि दार उघडले की भावजय त्यांच्याकडे न पाहता आत जाई. संध्याकाळी बाहेर पडायलाही तेच. पहिले काही दिवस दोघे एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते. पण भावोजी निवृत्त माणूस, त्यांना सकाळी जायला एक ठिकाण मिळाले. ते इस्त्रीचा शर्ट घालू लागले. ताईकडे डबा मागू लागले. भावजय त्यांच्यासाठी काउंटरखाली चहा झाकून ठेवू लागली. पुढे तो माणूस आला आणि यंत्र दुरुस्त झाले, तेव्हा भावोजींना नोकरी सुटल्यासारखे झाले. त्यांनी मला टाइप केलेला कागद पाठवला: ‘सदर डोळ्यांबाबत माझी कोणतीही हरकत उरलेली नाही. ते जिथे आहेत तिथे वापरात राहावेत.’

त्यानंतर एका दुपारी भावजय आली. बसली नाही. “मला शिकवा,” म्हणाली. “ते डोळे मी माझ्या हाताने काढणार.”

मी शिकवले. ती चटकन शिकली, माझ्यापेक्षा चटकन, हे मी इथे लिहून ठेवते कारण तोंडाने म्हटलेले नाही. जुने निगेटिव्ह कॉम्प्युटरवर मोठे करून ती स्वतःचे मिटलेले डोळे एकामागून एक पाहत गेली. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाली, “वन्सं, फोटो काढताना तुम्ही काय ओरडता माहितेय? ‘खबरदार कोणी डोळे मिटलेत तर!’ इतक्या जोरात ओरडता की माझे मिटतातच.”

पंचवीस वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते. मी कॅमेरा काढला. गप्प राहणे मला जमेना, म्हणून कपड्यांचा चिमटा दातांत धरला आणि तिचा फोटो काढला. डोळे टक्क उघडे! ते तिने मोठ्या फोटोत बसवले, मागे सरून पाहिले, परत पुढे येऊन पाहिले.

“त्यांचेच बरे होते,” ती म्हणाली, आणि तिने ती कळ दाबली.

पुढच्याच आठवड्यात भाऊ-भावजय घरी परत आले. भावोजी गेल्या वर्षी गेले. दिवस झाल्यावर ताई आमच्याकडे राहायला आली आणि त्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसली. मी म्हटले, “ताई, ते डावीकडे आहेत. तू भलतीकडेच बघतेयस.”

“इकडेच बघू दे मला,” ताई भावजयीच्या चेहऱ्याकडे बोट करून म्हणाली. “इथे ते रागावलेले नाहीत.”

“अगं, डोळे तेच आहेत.”

“असू देत. त्या भुवया नाहीत ना इथे. लग्नाआधी एकदा आले होते बघायला, तेव्हा असं बघितलं होतं त्यांनी. मला वाटायचं, मी ते मनानेच रचलं.”

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने गॅसवरचे दूध उतू जाऊ दिले.

सबब, सदर फोटो ताईच्या मालकीचा असून तिने तो केव्हाच नेलेला आहे. त्यात कोणीही, मंडळाच्या अध्यक्षांनी तर मुळीच, सुधारणा करू नये.

कलम ५. कॉम्प्युटर

भावजयीला. तसाही तो आता मला मिळत नाही.

कलम ६. राहते घर

सर्वांची अशी समजूत आहे की घर भावाला जाईल. भावाचीही तशीच आहे. ते जाणार नाही. हे घर मी भावजयीच्या एकटीच्या नावे करीत आहे. भाऊ तिच्या परवानगीने राहील, आणि तो तसा राहील याची मला खात्री आहे, कारण आजवर तो माझ्या परवानगीने राहिला.

कारण एकच आहे. ती शिकायला आली त्या दुपारी बेल वाजली. मी दार उघडले तर भावजय उभी. या दाराची किल्ली तिच्या हातात होती. पंचवीस वर्षे वापरून वापरून घासलेली तीच किल्ली मुठीत धरून ती बेल वाजवून, आत येऊ का असे तोंड करून पायपुसण्यावर थांबली होती. मी बाजूला सरले आणि तिने किल्ली पर्समध्ये टाकली. या बाईवर या दाराची बेल वाजवायची वेळ पुन्हा कधीही, कोणाच्याही मर्जीने येऊ नये, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र केले आहे. बाकीची कलमे सोबतीला आहेत.

वरील मजकूर मी वाचला, पटला, दोन ठिकाणी काना दिला आणि खाली सही केली.

सही: दिवाबंद आत्या

आमच्या समक्ष सही झाली आणि आत्यांच्या समक्ष आम्ही केली:

साक्षीदार पहिले: पतपेढीचे व्यवस्थापक. (ओळखपत्र दाखवून सही केली. कोणी मागितले नव्हते.)

साक्षीदार दुसरे: खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई.

फोटोसामानाच्या दुकानदाराची साक्षीदार होण्याची इच्छा होती. परंतु त्याच्या नावे एन्लार्जर असल्यामुळे ते कायद्यात बसत नाही. त्याने एन्लार्जरवरचा हक्क सोडण्याची तयारी दाखवली. ती नामंजूर.

डॉक्टरांचा दाखला: मृत्युपत्र करणाऱ्या बाईंना तपासले. स्मरणशक्ती उत्तम, बुद्धी शाबूत. आवाज गरजेपेक्षा जास्त शाबूत.

ठिकाण: राहत्या घरी, खिडकीजवळच्या टेबलाशी, उजेड डावीकडून.

तारीख: ९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी, सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर.