दोन फुटांचं जोतं

८ मार्च
शेजारच्या तुळसाकाकू नदीकाठी नवं घर बांधतायत. जोतं दोन फूट की चार? गवंडी म्हणतो चार. काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना पायऱ्या नकोत. मला विचारलं. वीस वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतोय, उगीच नाही. आठवड्यात शास्त्रशुद्ध उत्तर देणार. उद्यापासून सुरुवात.

१९ मार्च
सुरुवात. (आठवडा होळीत गेला.) पुलाजवळ राहणाऱ्या रावजींनी तीस पावसाळे पुलाखालच्या मोजपट्टीवरची पातळी रोज वहीत लिहिलीय. ती वही आणली. दरवर्षीची सर्वांत मोठी पातळी घ्यायची, त्यावर पुराच्या अंदाजाचं गुंबेल डिस्ट्रिब्यूशन बसवायचं. काही तारखांना नुसती रेघ. पाऊस नसावा. सोडून दिल्या.

२ एप्रिल, दुपारी ३
आलेख सुरेख आला. दोन फुटांवर पाणी चढायची शक्यता वर्षाला एक टक्का. काकूंना सांगितलं, शंभर वर्षांतून एकदा. म्हणाल्या, मग मी काय तवर जगनार हाय? दोन फूट ठरलं.

११ मे
बोर्लीच्या बाजारात रावजी भेटले. रेघांचं सहज विचारलं. म्हणाले, पूर आला का पट्टी पान्याखाली, वाटबी बुडालेली. मंग काय लिवायचा? रेघ मारायची.
म्हणजे मी नेमके पूरच वगळले. जोत्याचं काम अजून सुरू व्हायचंय. उद्या सकाळीच सांगतो.

१२ मे
गेलो. काकूंनी घावणे वाढले. चार बायकांना माझी हुशारी सांगत होत्या. अशात कसं सांगणार? आधी फेरगणित करावं, तेच शास्त्रीय.

१७ मे
रेघांच्या जागी अंदाज घातले. आठ वर्षांतून एकदा. डिस्ट्रिब्यूशन बदलून पाहिलं. सहा वर्षांतून एकदा. परत पहिलं घेतलं. स्वतःचीच लाज वाटते. उद्या नक्की.

६ जून
जोतं झालं, वर चौकटही बसली. आता सांगून उपयोग काय? शिवाय सहातून एक धरलं तरी यंदा पूर न यायची शक्यता त्र्याऐंशी टक्के. एवढ्यात डिस्टिंक्शन मिळतं.

२४ जुलै, सकाळी ७
नव्या घरात मांडीएवढं पाणी. तांदूळ, गोधड्या, सगळं गेलं. काकू कालपासून आमच्याकडे. बायकोने, विनिताने, चहा दिला, तो हातातच धरून बसल्या होत्या. मी सगळं कबूल करायला समोर बसलो. त्याच आधी बोलल्या. म्हणाल्या, तू बोल्ला व्हतास, शंभर वर्सांत एकदा. त्यो आला एकदाचा. आता मी हाय तवर तरी न्हाय ना येनार?
मी म्हटलं, नाही.
मग त्यांनी चहा घेतला.