शिंगावरची किल्ली

मोंटाना,
१४ ऑक्टोबर

प्रिय ट्वायला,

इकडे सगळं ठीक. वासरं विकून झाली, डोंगरावर पहिलं बर्फ पडलंय आणि ग्लेनचा गुडघा त्याच्यासारखाच हट्टी आहे. माझी मागची दोन पत्रं तू न उघडता परत पाठवलीस. लहानपणी रुसलीस की ताटही असंच सरकवायचीस. हे मात्र सरकवू नकोस.

तुझी मार्नी हॉस्पिटलातून घरी आल्याचं चर्चमध्ये कळलं. सोळा वर्षांची पोर! निघताना नर्सनं तुम्हालाही विचारलं असेल, "घरात बंदुका आहेत का?" आणि तुझ्या रसेलनं छाती फुगवून सांगितलं असेल, "आहेत की! पण कुलपात."

माझ्या ब्रेटला घरी आणताना मीही तेच सांगितलं होतं. नर्सनं पुढं विचारलं, "किल्ली कुठं असते?" मी म्हटलं, "माझ्याकडे."

ती कुठं होती ते तुला माहीत आहे. स्वयंपाकघराच्या दारावर, हरणाच्या शिंगावर. तुझ्याही घरात तिथंच असणार. वासरांवर कोल्हे आले तर घरातल्या कुणालाही ती अंधारात सापडली पाहिजे, हे बाबांनी आपल्याला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. मी ती काढणार होते गं. पण ब्रेटला वाटेल, आईचा आपल्यावर विश्वास नाही, म्हणून राहू दिली.

ब्रेटच्या दफनाच्या दिवशी तू सगळ्यांदेखत ग्लेनला म्हणालीस, "साधं कुलूप लावायचंही जमलं नाही तुला?" तो मान खाली घालून उभा राहिला. मी नवऱ्याला सोडलं नाही म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. त्याला खरंच वाटतं की तो विसरला. तीन वर्षं वाटतंय. त्या सकाळी कुलूप मीच लावलं होतं, ट्वायला. ब्रेटनं ते काढलं आणि किल्ली परत जागेवर अडकवली. आपल्या घराचं वळण. नंतर मी ती तिथं लटकताना पाहिली आणि दोष ग्लेनवर राहू दिला.

नर्स म्हणाली होती, "मरून जावंसं वाटण्याची ती लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ हाताशी काही नसलं, तर मूल वाचू शकतं." तेवढा वेळ मी माझ्या मुलाला दिला नाही. यावर कुणी माझी समजूत घालू नये.

शिकारीचा मोसम तोंडावर आलाय, रसेल कुरकुरेल. कुरकुरू दे. बंदुका घराबाहेर काढ. गावातला बंदुकवाला ठेवून घेतो, कारण विचारत नाही. औषधाच्या गोळ्याही कुलपात ठेव आणि किल्ली अंगावर बाळग. मार्नीला तोंडावर सांग, हे कशासाठी ते. ती रागावेल. रागावायला ती असली पाहिजे.

पत्र टाकून आले की ग्लेनला सगळं सांगणार आहे. मग तो या घरात राहील असं मला वाटत नाही. राहावं असं म्हणायला मला तोंडही नाही.

पाकिटात हाताला टोचतेय ती आमची किल्ली. बंदुकांचं कपाट केव्हाच विकलं, ही तेवढी शिंगावरून काढवत नव्हती. आज काढली. टोचली म्हणून तरी उघडशील.

तुझी थोरली बहीण, अजूनही ब्रेटची आई,
लोर्ना