झाकणाच्या आतली खूण

१४ जून

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. वहिनींचा गुडघा कसा आहे? आबांची तब्येत ठीक आहे. ऐकायला कमी येतं, पण आपल्याबद्दल कुणी बोललं की बरोबर ऐकू येतं.

दुकानात सध्या वेगळाच उद्योग मांडलाय. जुन्या घड्याळांचे सुटे भाग इथे मिळेनासे झालेत, पण अगदी जवळून काढलेला फोटो पाठवला तर लांबचे व्यापारी ओळखून धाडतात. त्या फोटोंचे महागडे दिवे घ्यायचे तर दुकानच विकावं लागेल, म्हणून घरचंच जमवलं. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर आबांचं भिंग रबरबँडने बांधलं. आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्याला तळाशी भोक पाडून तो घड्याळावर उपडा घातला आणि बाहेरून टेबललॅम्प लावला. बायको म्हणाली, "ते आइस्क्रीम एकट्यानेच संपवलंत, हेही लिहा दादांना." लिहिलं.

भिंग इतकं जवळ न्यावं लागतं की त्याचीच सावली खाली पडते. म्हणून उजेड बाजूने घ्यायचा. डब्यामुळे पोलादाची चमक मरते. मग समोर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा काळा रंगवून उभा केला की बारीक ओरखडासुद्धा उठून दिसतो.

एवढं पाल्हाळ लावलंय, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाई आल्या होत्या. हो, त्याच. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांचं घड्याळ आपल्याकडे नुसतं साफ करायला आलं आणि आतली केसासारखी स्प्रिंग पिळवटून बंद पडलं. त्या दिवशी रागाने घेऊन गेल्या, त्यानंतर कुणाला उघडूही दिलं नाही. आता म्हणाल्या, "बघा स्प्रिंग मिळते का. मला ते एकदा चालताना बघायचंय."

घड्याळाचा नंबर झाकणाच्या आत असतो. दिवा सरळ समोरून लावून पहिला फोटो काढला. नंबर वाचता आला, बाकी नुसती चमक. व्यापाऱ्याला तेवढं पुरलं असतं. मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याचीच इतकी लाज वाटली की मुकाट्याने डबा घातला, पुठ्ठा लावला आणि दुसरा काढला. तोच सोबत पाठवतोय.

नंबराखाली बघ. आबांचा नियम तुला आठवत असेल. झाकण उघडणाऱ्याने आधी आत सुईने आपली खूण करायची, मगच कामाला हात घालायचा. तुझ्या दोन उभ्या रेघा तिथे आहेत. पण त्यांच्या खाली, अगदी शेवटची, एक आडवी रेघ आणि टिंब आहे. ती माझी.

'मी हे विसरूनच गेलो होतो' असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला. विसरलो नव्हतो. घड्याळ साफ करून, चालू करून तू जेवायला गेलास. मला त्याची चाल तुझ्याहून अचूक लावून दाखवायची होती. चिमटा त्या स्प्रिंगमध्ये अडकला. खूण मात्र सवयीने आधीच करून बसलो होतो. आबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "मी हात नाही लावला." आणि तू आपल्या हातांकडे बघत म्हणालास, "माझ्याच हातून झालं असेल." त्यानंतर तू गाव सोडलंस, विजेचे मीटर दुरुस्त करायला लागलास आणि घड्याळाला पुन्हा शिवला नाहीस. दादा, तुझा हात चुकला नव्हता. मी चुकलो, आणि वर गप्प बसलो.

आबांना फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून दोन्ही खुणा पाहिल्या. मग म्हणाले, "नऊ वर्षं माझ्यासमोर बसून जेवलास." दुसऱ्या दिवशी चहा घेताना इतकंच बोलले, "ती स्प्रिंग थोरला बसवेल. तू नाही." डॉक्टरीणबाईंनाही खरं ते सांगितलं. त्या थांबायला तयार आहेत.

स्प्रिंग काल आली. मी पाकीट फोडलेलं नाही. तू रागावशील, रागाव, तुझा हक्कच आहे. आलास की माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. तुझं टेबल पुसून ठेवलंय. दिवा माझ्या सोयीने डावीकडे होता, तो उजवीकडे हलवलाय. तुझ्या डाव्या हाताची सावली कामावर पडायला नको.

नाव लिहीत नाही. खाली खूण करतोय, या खेपेला सगळ्यांना दिसेल अशी.

तुझा धाकटा,
— •