वन्सं, तुमचं सैन्य पुलापाशी उभं आहे

ती. वन्संना साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा निम्मा नमस्कार उभ्यानेच केला असं धरा.) तुमची तब्येत चांगली असेलच. तुमच्या तब्येतीची बिघडायची टाप नाही. इकडे आम्ही ठीक. तुमचे बंधू डेपोत जातात, येतात आणि पेपरामागून "हं" म्हणतात. मागच्या खेपेला तुम्ही माझी कापडाची कात्री कागद कापायला घेतलीत, मी बोलले, तुम्ही चहा तसाच टाकून पिशवी उचललीत, आणि तेव्हापासून ना तुमचा फोन ना माझा. चूक कोणाची, तो विषय या पत्रात मी काढणार नाही. (कापडाच्या कात्रीने कागद कापत नाहीत. सुईत दोरा न ओवता येणाऱ्यालाही हे कळतं. असो.) पत्राचं कारण वेगळंच आहे. बरेच दिवस झाले, मी तुमच्याशी लढते आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. हे काही बरं दिसत नाही, म्हणून कळवते.

आमच्या वरच्या खोलीतले घड्याळजी आठवतात ना, एक डोळा मिटून बोलणारे? ते लेकीकडे कायमचे राहायला गेले आणि जाताना आपल्या सैनिकांची खोकी माझ्या गळ्यात मारून गेले. शिशाचे सैनिक, बोटाच्या पेराएवढे, पण एकेकाच्या कोटाला बटणं रंगवलेली. पूर्वी नेपोलियन नावाचा बादशहा होऊन गेला, त्याच्या लढाया लोक अशा टेबलावर खेळतात. त्याला फासे लागतात, नकाशा लागतो आणि कोणी किती चालायचं याचे नियम असतात. घड्याळजींच्या पँटी आखूड करता करता मी ते सगळं ऐकून शिकले होते. नियमांचं पुस्तक मला वाचता येत नाही, पण शाळा चौथीत सुटली म्हणून मोजमाप काही सुटलं नाही. पायदळ किती चाललं ते मी शिवणाच्या टेपने मोजते. कटिंगच्या खाकी कागदावर खडूने नकाशा काढलाय, गावं म्हणून बटणं ठेवलीत आणि राजधानीला ओव्हरकोटाचं मोठं बटण दिलंय. नदी म्हणजे निळी फीत. डोंगर करायला अस्तराखाली उशा घातल्या. जेवायचं टेबल त्यात गेलं. आम्ही हल्ली ताट मांडीवर घेऊन जेवतो. तुमच्या बंधूंनी पहिल्याच दिवशी सवयीने राजधानीवर गरम पातेलं ठेवलं. पलीकडच्या दोन तुकड्यांचा रंग वितळून त्या एकमेकींना अशा चिकटल्या की आता कोण कोणाच्या बाजूचं ते देवाला ठाऊक.

पण लढायला समोर माणूस हवा, आणि समोरची खुर्ची तर रिकामी. एकट्याने खेळायचं झालं तर दोन्ही बाजू आपणच चालवायच्या. स्वतःची चाल झाली की उठून पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसायचं. सुरुवातीला मी तसंच केलं. पण पलीकडे बसले तरी मन अलीकडेच राहायचं. बादशहाला मी चिखलात नेऊन उभा करायची आणि तो बिचारा निमूट उभा राहायचा. असल्या शत्रूला हरवण्यात काय मजा? मग घड्याळजींचं एक बोलणं आठवलं: शत्रूला आपलं डोकं द्यायचं नाही, ओळखीच्या दुसऱ्या कोणाचं तरी द्यायचं. तो माणूस इथे असता तर काय करता, ते बघायचं आणि तेच करायचं.

म्हणून आधी बादशहाला तुमच्या बंधूंचं डोकं लावलं. सैन्य जागचं हलेना! "बघू की", "उद्या", "आधी चहा तर होऊ दे". राजधानी मी चालत जाऊन घेतली, वाटेत कोणी हटकलंसुद्धा नाही. मग कोपऱ्यावरच्या पाववाल्या काकूंचं डोकं लावून पाहिलं. काकूंनी माझ्याच सैन्याला दोन शहरं देऊन टाकली, वर "आणखी घे" म्हणाल्या. तेव्हा चिडून म्हटलं, आता वन्संनाच आणते. (बादशहा उंचीवरून नाही दिला हो, स्वभावावरून दिला.)

काय सांगू! माझे सैनिक तंबूतून उठायच्या आत तुमचं घोडदळ नदीच्या अलीकडे. मी समोरची वाट सोडून ठेवावी, तर तुम्ही मागच्या दाराने आत येऊन आधी माझ्या धान्याच्या गाड्या तपासणार. घरीही तुम्ही तेच करता, आल्या आल्या डबे उघडून बघता, म्हणून मला खात्रीच होती. पाहता पाहता तीन शहरं घेतलीत. मी इकडच्या खुर्चीत बसून तुम्हाला शिव्या घालायची आणि तिकडच्या खुर्चीत बसून मला टोमणे मारायची. "एवढं सैन्य असून हे असं?" हे तुमचं वाक्य मी तुमच्याच आवाजात म्हणत होते, तेव्हा तुमचे बंधू दचकून पेपराबाहेर आले आणि म्हणाले, "ताई आली का गं?" वन्सं, या घरात इतकं हसू मी फार दिवसांनी ऐकलं, आणि हसणारी मीच होते.

तिसऱ्या शहराबद्दल मात्र फुशारकी नको. त्या दिवशी माझी एक तोफ सापडत नव्हती. ती दातांच्या डॉक्टरांच्या पँटीच्या दुमडीत बसून त्यांच्या दवाखान्यात गेली होती. संध्याकाळी डॉक्टर स्वतः ती हातात घेऊन दारात आले. "बाई, मी दाढ काढायला वाकलो आणि ही खाली पडली. पेशंट म्हणाला, एवढं मोठं हत्यार असेल तर मी येतो." तोवर तुम्ही शहर घेतलेलं होतं. त्या विजयाचं श्रेय डॉक्टरांच्या पँटीला जातं, तुम्हाला नाही.

आता अडलंय ते इथे. माझं उरलंसुरलं सैन्य पुलापलीकडच्या टेकडीवर आहे. दारूगोळा संपलाय, सेनापती घोड्यावरून पडलाय. (फासेच तसे पडले, मी काय करू!) पूल तुमच्या हातात आहे. तुम्ही पुढे आलात की माझा खेळ आटोपला. मी पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले आणि स्वतःला विचारलं, वन्सं आता काय करतील? आणि उत्तरच येईना. मी जिन्यावरून पडले होते तेव्हा तुम्ही दुपारभर मला बोललात, "डोळे काय कपाटात ठेवतेस?" म्हणालात, आणि बोलता बोलता दुपारभर माझा पाय शेकत बसलात. आता असं सैन्य कसं चालवायचं, सांगा! पडलेल्याला झोडपायचं का उचलायचं, फाशात एकच काहीतरी येतं. दोन्ही एकदम करणारा बादशहा नियमात बसत नाही. किती दिवस झाले, तुमचं सैन्य पुलाच्या तोंडाशी उभं आहे. मी रोज धूळ झटकते, खुर्ची बदलते आणि उठून जाते. मनाने चाल करून टाकली असती, पण मग ती माझी चाल झाली असती, तुमची नाही.

बाकी सर्व क्षेम. घरातल्यांना माझं विचारणं सांगा. राग गेला नसेल तर जाऊ द्या, आणि गेला असेल तर मला कळवायची गरज नाही.

तुमची भावजय
(सध्या शत्रू)

ता. क. : पुलावरची चाल पत्रातून कळवू नका. पत्रातून लढाई होत नाही. समोर येऊन बसा. पलीकडच्या खुर्चीवर गादी घातली आहे, ती तुमच्यासाठी नाही, तिथे मीच बसते म्हणून घातली होती. पण बसलात तर हरकत नाही.

आणखी एक : पत्र बंद करता करता पलीकडच्या खुर्चीत जाऊन पाहिलं, हे वाचून वन्सं काय करतील? या खेपेला उत्तर लगेच आलं. "मी काय रिकामटेकडी आहे?" म्हणाल, दोन दिवस कोणाशी धड बोलणार नाही, आणि मग न कळवता, आम्ही उठायच्या आत दारात उभ्या राहाल. हे चुकलं, तर तुमचं डोकं मला कधी कळलंच नव्हतं असा अर्थ होईल. म्हणजे आजवरच्या सगळ्या लढाया रद्द करून युद्ध पहिल्यापासून मांडावं लागेल, आणि तुमची तिन्ही शहरं जातील. बघा बाई.